दुसऱ्या फळीचा ऑगस्ट

३० ऑगस्ट २०१६, मंगळवार. मिनियापोलिसच्या नैऋत्येला ईडन प्रेअरी नावाचं उपनगर आहे. मिनेसोटा व्हायकिंग्स या संघाचं सरावाचं मैदान तेव्हा तिथे होतं. सराव नुकता कुठे सुरू झाला होता. संघाचा क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटर पास टाकायला म्हणून चार पावलं मागे सरकला आणि खाली कोसळला. त्याला कुणी ढकललं नव्हतं, कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. डावा गुडघा जागेवरून निखळला होता आणि आतला एसीएल हा अस्थिबंध फाटला होता. मोठमोठे पैलवानी गडी मैदानात गुडघे टेकून बसले, कुणी हेल्मेट आपटलं, आणि प्रशिक्षक माइक झिमर यांनी सराव तिथल्या तिथे बंद केला. हंगामाचा पहिला सामना बारा दिवसांवर होता.

मी तेव्हा मिनेसोटात नोकरीला होतो. बातमी आली तशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने फोन पालथा घातला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, घरी कुणाचं काही झालं. कारण कळल्यावर मी अगदी निरागसपणे विचारलं, "एकच गेला ना? तुमच्या संघात नव्वद जण आहेत म्हणत होतास." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही बोललो नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या चार महिन्यांत दर रविवारी थोडं थोडं मिळत गेलं. ते इथे मांडतो. अमेरिकन फुटबॉल तुम्ही बघत नसलात तरी हरकत नाही. लागेल तेवढंच सांगतो.

चेंडू ज्याच्याकडे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे जायचं. जमलं की पुन्हा चार प्रयत्न. असं करत करत समोरच्याच्या हद्दीच्या शेवटच्या पट्ट्यात शिरायचं, तो टचडाउन. क्रिकेटमध्ये बोलरलाही बॅट धरावी लागते, इथे तसं काही नाही. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि लाथ मारून गोल करणारा तिसराच. आक्रमणाच्या अकरांतला एक क्वार्टरबॅक. डोकं त्याचं आणि हातही त्याचा. पाच जण त्याच्यापुढे भिंत करून उभे राहतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. प्रत्येकाचं वजन एकशेचाळीस किलोच्या आसपास. सेंटर सोडला तर बाकी चौघांच्या हाताला सामनाभर चेंडू बहुधा लागतही नाही. उरलेले पाच जण पळणारे आणि झेलणारे: रनिंग बॅक, टाइट एंड, रिसीव्हर.

आता त्या नव्वदांचं. जुलैअखेरीला ट्रेनिंग कॅम्प सुरू होतो तेव्हा संघात नव्वद जण असतात हे खरंच. पण ऑगस्ट संपता संपता त्यातले सदतीस घरी पाठवून त्रेपन्न ठेवायचे असतात. त्रेपन्नातले पंचवीसेक आक्रमणाचे, त्यातले लाइनवाले साधारण नऊ. म्हणजे पाच जागांना चार राखीव. सामन्याच्या दिवशी तर सगळ्या त्रेपन्नांना गणवेश मिळतही नाही. २०१६ साली शेहेचाळिसांनाच मिळायचा, त्यामुळे बहुतेक संघ लाइनचे सातच जण नेत. पाच भिंतीत, दोन बाकावर. २०२० पासून ही संख्या अठ्ठेचाळीस झाली, पण लीगने, म्हणजे एनएफएलने, अट घातली की त्यात लाइनचे निदान आठ जण हवेत, नाहीतर एक जागा कमी. कुठली फळी आधी विरळ होते हे लीगला ठाऊक आहे, एवढं या अटीवरून समजायला हरकत नाही.

दोन राखीव आणि पाच जागा. त्यामुळे राखीव खेळाडूला एकच जागा येऊन भागत नाही. एकाला डावा आणि उजवा असे दोन्ही टॅकल खेळता यायला हवेत, त्याला स्विंग टॅकल म्हणतात. दुसऱ्याला दोन्ही गार्ड आणि सेंटर. वाचायला सोपं वाटतं. पण डावीकडचा माणूस उजवीकडे गेला की त्याचा पुढचा पाय मागे जातो, पहिला हात दुसरा होतो आणि वजन उलट्या मांडीवर येतं. तबलजीला म्हणा, आज डग्गा उजव्या हाताला आणि तबला डाव्या हाताला, बाकी सगळं तेच, लय चुकवू नकोस. वाजवेलही बिचारा. पण समोर बसलेला बचावपटू ताल ऐकायला आलेला नसतो. त्याला अडीच-तीन सेकंदांत क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं असतं.

आणि इथेच मला ज्याला खोली म्हणतात त्याचा अर्थ लागला. या खेळात संघाची "डेप्थ" म्हणजे बाकावर किती नावं आहेत ते नव्हे. एक माणूस पडल्यावर आणखी कितीजणांना आपली जागा सोडावी लागते, हे मोजायचं. डावा टॅकल जखमी झाला आणि स्विंग टॅकल थेट त्याच्या जागी उभा राहिला, तर बदल एक. पण तो राखीव गडी डावीकडे कच्चा असेल तर प्रशिक्षक उजव्या टॅकलला डावीकडे आणतो आणि राखीवाला उजवीकडे टाकतो. बदल दोन. गार्डला बाहेर ढकललं, सेंटरला गार्ड केलं आणि नवा सेंटर आणला, तर बदल तीन, आणि सेंटर बदलणं सगळ्यात महागात पडतं. समोरून कोण धावून येणार हे ओळखून कुणी कुणाला अडवायचं ते ओरडून सांगणारा तोच असतो. दहीहंडीत खालच्या थरातला एकजण लंगडायला लागला की वरच्या सगळ्यांचे खांदे बदलावे लागतात, तसंच.

ही अदलाबदल पाठ व्हायची तर सराव हवा, आणि सराव मिळायचा महिना वर्षातून एकच: ऑगस्ट. कॅम्पमध्ये पहिली तुकडी, दुसरी तुकडी, तिसरी तुकडी अशा पाळ्या असतात. कॅम्पच्या भाषेत वन्स, टूज, थ्रीज. एकेका डावाच्या तालमीला "रेप" म्हणतात आणि कॅम्पमध्ये रेप्सना पगारापेक्षाही जास्त किंमत असते. हंगाम सुरू झाला की सगळ्या रेप्स पहिल्या तुकडीला. दुसऱ्या फळीच्या बऱ्याच जणांना मग स्काउट टीममध्ये घालतात. येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव कार्डावर काढलेले असतात, ते बघून हे खेळतात, म्हणजे आपल्या बचावाला सराव मिळतो. याचा अर्थ असा की राखीव खेळाडू सप्टेंबर ते डिसेंबर दर आठवड्याला इमाने-इतबारे दुसऱ्याच कुणाच्या आक्रमणाची तालीम करतो. स्वतःच्या संघाचं आक्रमण त्याने ऑगस्टमध्ये जेवढं अंगात भिनवून घेतलं असेल तेवढंच.

म्हणून प्रीसीझनमधली, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांतली, दुखापत विचित्र असते. एका बाजूने ती चटका लावते, कारण ज्या सामन्याची नोंद कुठल्याच गुणतक्त्यात होत नाही त्यात वर्ष जातं. दुसऱ्या बाजूने ती वेळेवर आलेली असते. यावर डॅलस काउबॉइज या संघाची लागोपाठची दोन वर्षं बघण्यासारखी आहेत.

२०१५ च्या सप्टेंबरात, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, त्यांचा क्वार्टरबॅक टोनी रोमो याच्या गळ्याखालचं हाड मोडलं. राखीव माणसं अनुभवी होती, पण ऐन हंगामात थंड्या अंगाने मैदानात उतरली. रोमोविना खेळलेल्या बारा सामन्यांत काउबॉइज एकच जिंकले. पुढच्या वर्षी दुखापती ऑगस्टमध्ये झाल्या. आधी कॅम्पमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा केलन मूर पाय मोडून बसला, मग २५ ऑगस्टला सिएटलमधल्या प्रीसीझन सामन्यात रोमोच्या पाठीचा मणका दबला. तिसऱ्या क्रमांकावर होता डॅक प्रेस्कॉट, त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडून घ्यायच्या कार्यक्रमात, चौथ्या फेरीत, एकूण एकशे पस्तिसावा निवडलेला पोरगा. मूर गेल्यामुळे त्याला टूजच्या रेप्स मिळाल्या होत्या, रोमो गेल्यावर वन्सच्या मिळाल्या, आणि पहिल्या सामन्याला अजून सतरा दिवस होते. काउबॉइजनी १३ सामने जिंकले, ३ हरले. रोमो बरा झाला तेव्हा त्याची जागा गेलेली होती.

यातलं सगळं श्रेय सतरा दिवसांना देणं बरोबर नाही. प्रेस्कॉटच्या पुढे टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन अशी त्या काळातली लीगमधली बहुधा सगळ्यात पक्की भिंत उभी होती, आणि मागे इझिकिएल एलियट हा नवा रनिंग बॅक. त्याने त्या वर्षी १,६३१ यार्ड काढले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. भिंत २०१५ मध्येही जवळजवळ हीच होती आणि तरी संघ हरत होता, हेही खरं. मला वाटतं, दोन्ही गोष्टी लागतात: उभा राहायला ओटा आणि उभं राहण्याची सवय. यातलं एक असून भागत नाही.

या प्रकारातली सगळ्यात गाजलेली गोष्ट १९९९ ची. सेंट लुइस रॅम्स हा आदल्या वर्षी ४ जिंकून १२ हरलेला संघ. ट्रेंट ग्रीन हा क्वार्टरबॅक मोठ्या अपेक्षेने आणलेला. २८ ऑगस्टला सॅन डिएगोविरुद्धच्या प्रीसीझन सामन्यात त्याच्या गुडघ्यावर रॉडनी हॅरिसन आदळला आणि त्याचं वर्ष संपलं. प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर बोलताना रडले, आणि रडत रडतच म्हणाले की आम्ही कर्ट वॉर्नरला घेऊन चांगलं फुटबॉल खेळू. वॉर्नर कोण? काही वर्षांपूर्वी आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर डबे लावणारा, मग बंदिस्त मैदानातल्या अरेना फुटबॉलमध्ये आणि अॅमस्टरडॅमच्या संघात खेळून आलेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस. एनएफएलमध्ये तोवर त्याने एकूण अकरा पास टाकले होते. त्या वर्षी त्याने ४१ टचडाउन पास टाकले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ३० जानेवारी २००० ला रॅम्सनी टेनेसीला २३-१६ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

किराणा दुकानाची गोष्ट सगळे सांगतात, सांगण्यासारखी आहेच. पण वॉर्नर ज्या घरात शिरला ते बांधून तयार होतं, हे कमी सांगितलं जातं. डावा टॅकल ऑर्लँडो पेस आधीपासून होता, रिसीव्हर आयझॅक ब्रूसही. त्याच एप्रिलमध्ये इंडियानापोलिसकडून मार्शल फॉक आणला होता, ड्राफ्टमध्ये टॉरी होल्ट घेतला होता. ग्रीनसाठी मांडलेलं ताट वॉर्नरच्या पुढे सरकवलं गेलं. एक माणूस बदलला आणि बाकी दहांतल्या कुणालाही जागेवरून हलावं लागलं नाही. वॉर्नर असामान्य निघाला ही नशिबाची बाब. दहाजण जागच्या जागी राहिले ही मात्र आधीची तयारी.

आता पुन्हा मिनेसोटा. ब्रिजवॉटर पडला तेव्हा राखीव क्वार्टरबॅक होता छत्तीस वर्षांचा शॉन हिल. तिसरा टेलर हायनिकी, पण त्याने उन्हाळ्यात घराबाहेर अडकल्यावर लाथ मारून दार उघडायचा प्रयत्न केला होता आणि पायाला इजा करून बसला होता. (संघ कितीही अब्जांचा असो, किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी कुणीतरी करायला हवी.) म्हणजे कागदावर तीन, प्रत्यक्षात एक.

त्याच आठवड्यात बत्तीसही संघ आपापली माणसं कमी करत होते. नव्वदांतून त्रेपन्न, म्हणजे प्रत्येकी सदतीस. बत्तीस संघांचे मिळून अकराशेच्या वर खेळाडू चार-पाच दिवसांत बेकार होतात. बाजारात माल भरपूर, पण जे हवं ते नेमकं नाही. चांगला क्वार्टरबॅक आणि चांगला टॅकल कुणीच सोडत नाही. सोडलाच तर समोरचा किती अडलाय हे बघून भाव लावतात. शनिवारी, ३ सप्टेंबरला व्हायकिंग्सनी फिलाडेल्फिया ईगल्सकडून सॅम ब्रॅडफर्ड या क्वार्टरबॅकला आणलं. मोबदला: २०१७ च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड, शिवाय २०१८ मधली आणखी एक. सोमवारी गणपती बसायचे होते. मी आणि आणखी चौघं आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये थर्माकोल नसलेलं मखर कसं उभं करायचं यावर भांडत होतो. एकाने फोन बघून बातमी वाचली. हॉलमध्ये दहा वर्षं मिनेसोटात काढलेला एक काका होता, तो फक्त एवढंच म्हणाला, "ऑगस्टात छत्री घ्यायला गेलं की दुकानदार तोंड बघूनच किंमत सांगतो."

ब्रॅडफर्डने छान केलं. १८ सप्टेंबरला नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये पहिला अधिकृत सामना, समोर शेजारचा जुना वैरी ग्रीन बे. त्याने ३१ पैकी २२ पास जुळवले, म्हणजे आपल्याच माणसाच्या हाती पोचवले, आणि संघ १७-१४ ने जिंकला. पहिले पाचही सामने व्हायकिंग्सनी जिंकले. आमच्या ऑफिसात पुन्हा जांभळे शर्ट दिसायला लागले.

पण दुसरीकडे भिंत पडत होती, आणि तिचा पाया आदल्या वर्षीच्या ऑगस्टात खचला होता. उजवा टॅकल फिल लोडहोल्ट २०१५ च्या प्रीसीझनमध्ये टाचेची नस तुटून बसला. त्याच्या जागी टी. जे. क्लेमिंग्स या नवख्याला सोळाही सामने खेळावे लागले. हा गडी कॉलेजात निम्मा वेळ बचावाच्या बाजूने खेळला होता, लाइनवर त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. लोडहोल्ट २०१६ च्या जुलैत निवृत्तच झाला. मग दोन सामने झाले आणि डावा टॅकल मॅट कॅलिल खुब्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी गेला. क्लेमिंग्स डावीकडे सरकला. उजवीकडचा आंद्रे स्मिथही ऑक्टोबरात गेला. घरी बसलेल्या जेक लाँगला फोन करून बोलावलं, नोव्हेंबरात त्याचीही टाचेची नस तुटली. नामांकित रनिंग बॅक एड्रियन पीटरसन तर त्या ग्रीन बेच्या सामन्यातच गुडघा धरून बाहेर गेला होता.

भिंत कच्ची झाली की पुढे काय होतं ते बघणं मला सगळ्यात शिकवणारं वाटलं. आधी टाइट एंडला पळायला न पाठवता मदतीला भिंतीशी ठेवतात; झेलणारा एक कमी. मग रनिंग बॅकलाही थांबवतात; आणखी एक कमी. तरीही क्वार्टरबॅकला चेंडू पटकन सोडावा लागतो, म्हणून लांब पळून मग वळायचे डाव वहीतून बाहेर पडतात. लांबचा धोका संपला हे बचावाला कळतं, ते दोन पावलं पुढे येतात, आणि मग चेंडू घेऊन पळायलाही फट राहत नाही. एकेक दार बंद होत जातं. त्या वर्षी धावून काढलेल्या यार्डांत व्हायकिंग्स बत्तीस संघांत बत्तिसावे होते.

आणि त्याच वर्षी ब्रॅडफर्डने विक्रम केला! टाकलेल्या पासांपैकी ७१.६ टक्के जुळले, तोवरच्या कुठल्याही हंगामापेक्षा जास्त. बातमी वाचून मी खूश झालो होतो. सहकाऱ्याने मला समजावलं की हा ताप आहे, तब्येत नव्हे. आखूड पास जुळतातच. तीन यार्डांवर उभ्या माणसाला चेंडू देऊन सात यार्ड हवे असताना चार मिळवले तरी आकडा वर जातो. पाच सामने सलग जिंकलेला संघ पुढच्या अकरांत तीनच जिंकला, ८-८ वर थांबला. दरम्यान २ नोव्हेंबरला आक्रमणाचे प्रशिक्षक नॉर्व्ह टर्नर राजीनामा देऊन गेले.

रिसीव्हर गेला तर? ते नुकसान आकड्यांत लवकर दिसत नाही, पण असतं. ग्रीन बे पॅकर्सचा जॉर्डी नेल्सन २०१४ मध्ये १,५१९ यार्डांचे झेल घेऊन बसला होता. २३ ऑगस्ट २०१५ ला पिट्सबर्गमधल्या प्रीसीझन सामन्यात त्याचा एसीएल फाटला. मागे रँडल कॉब होता, दवांते अॅडम्स होता. अॅडम्स तर पुढे या खेळातल्या उत्तमांपैकी एक झाला. क्वार्टरबॅक तोच, एरन रॉजर्स. तरी संघाचे वर्षाचे गुण ४८६ वरून ३६८ वर आले. कॉबचे यार्ड १,२८७ वरून ८२९. नेल्सनच्या धास्तीने बचाव मागे राहायचा, कधी दोघे त्याच्या मागावर असायचे, आणि त्यामुळे कॉबला मधली मोकळी जागा मिळायची. नवा माणूस नेल्सनच्या जागी उभा राहिला, पण नेल्सनची धास्ती त्याच्याबरोबर आली नाही. मोठा भाऊ वर्गात असेपर्यंत धाकट्याला कुणी छेडत नाही, तसं काहीसं.

हे सगळं टाळायला साधा उपाय सुचतो: प्रीसीझनमध्ये मुख्य खेळाडूंना उतरवायचंच नाही. रॅम्सचे आताचे प्रशिक्षक शॉन मॅक्व्हे अनेक वर्षं हेच करतात, बाकीचेही थोडेफार त्या वाटेने गेले आहेत. प्रीसीझनचे सामनेही २०२१ पासून चारचे तीन झाले. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. ब्रिजवॉटर सरावात पडला, तेही स्पर्श न होता. शिवाय मुख्य खेळाडू बसले की दुसरी फळी खेळते ती समोरच्याच्या दुसऱ्या फळीशी. राखीव टॅकलने समोरच्या राखीवाला अडवलं, यातून तो खऱ्या रविवारी काय करेल हे कळत नाही. ऑगस्टचे सामने बघून "आमची खोली जबरदस्त आहे" म्हणणारे दर वर्षी भेटतात. ऑक्टोबरात ते फोन उचलत नाहीत.

जास्तीचे चांगले खेळाडू घेऊन ठेवावेत तर पगारावर लीगची कमाल मर्यादा आहे, २०१६ मध्ये साधारण साडेपंधरा कोटी डॉलर, २०२५ मध्ये २७.९ कोटी. बाकावर बसलेल्या टॅकलवर खर्च केलेला पैसा मैदानातल्या कुणाच्या तरी खिशातून जातो. कुठला विमा उतरवायचा आणि कुठला धोका अंगावर घ्यायचा हे मार्च-एप्रिलमध्येच ठरवावं लागतं.

व्हायकिंग्सनी दिलेल्या त्या पहिल्या फेरीच्या निवडीचं काय झालं ते सांगायला हवं. ब्रॅडफर्ड गेल्यामुळे ईगल्सनी कार्सन वेंट्झ या नवख्याला आठ दिवसांत मैदानात उतरवलं. मिनेसोटाच्या निवडीवर, २०१७ मध्ये चौदाव्या क्रमांकाला, त्यांनी डेरेक बार्नेट हा बचावपटू घेतला. त्या हंगामात जानेवारीत ईगल्सनी व्हायकिंग्सनाच ३८-७ असं उडवून अंतिम फेरी गाठली. वेंट्झचा गुडघा डिसेंबरात गेलेला, डावा टॅकल जेसन पीटर्स त्याहूनही आधी गेलेला. तरी राखीव क्वार्टरबॅक निक फोल्स आणि राखीव टॅकल हालापोउलिव्हाती व्हाइताय यांना घेऊन ते ४ फेब्रुवारी २०१८ ला सुपर बोल ४१-३३ ने जिंकले. शेवटच्या मिनिटांत समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या हातून सुटलेला चेंडू जमिनीवरून उचलला बार्नेटने. आणि सामना होता मिनियापोलिसमध्ये, व्हायकिंग्सच्या त्याच नव्या स्टेडियमवर. सहकाऱ्याने त्या दिवशी टीव्ही लावला नाही.

ब्रिजवॉटर परतला, पण मिनेसोटात त्याला पुन्हा ती जागा मिळाली नाही. २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये ड्रू ब्रीस जखमी झाल्यावर राखीव म्हणून त्याने सलग पाच सामने सुरू केले आणि पाचही जिंकले.

१० ऑगस्ट २०२४. व्हायकिंग्सचा पहिला प्रीसीझन सामना, नवा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी, ड्राफ्टमधला दहावा. गुडघ्यातली गादी, मेनिस्कस, फाटली. वर्ष गेलं. पण या वेळी मार्चमध्येच सॅम डार्नल्डला एक कोटी डॉलरवर वर्षभरासाठी घेऊन ठेवलं होतं. त्याने ४,३१९ यार्ड आणि ३५ टचडाउन काढले, संघ १४-३. मी आता मिनेसोटात नाही, तरी सहकाऱ्याला मेसेज केला: शिकले की तुमचे लोक. त्याने उत्तरात डाव्या टॅकलचं नाव तेवढं पाठवलं. ख्रिश्चन डॅरिसॉ ऑक्टोबरात गेला होता, त्याची जागा जॅक्सनव्हिलहून कॅम रॉबिन्सनला आणून भरली होती. १३ जानेवारी २०२५ ला रॅम्सविरुद्धच्या बाद फेरीत डार्नल्डला नऊ वेळा चेंडूसकट आडवं केलं गेलं. व्हायकिंग्स २७-९ ने हरले.

त्या मार्चमध्ये त्यांनी सेंटर रायन केली आणि गार्ड विल फ्राइज यांना आणलं, एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत डॉनोव्हन जॅक्सन हा आणखी एक गार्ड घेतला. या वेळी भिंतच बांधायची असं ठरवून. केलीच्या डोक्याला सप्टेंबर संपायच्या आत दोनदा मार बसला आणि तो बाहेर बसला.